विश्लेषण : भूल दिल्यावर रक्तदाब का कोसळतो? हिस्टामिनचा माग काढणारे हेन्री डेल

शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाला भूल दिली जाते. सुरी अजून लागलेली नसते, रक्ताचा थेंबही सांडलेला नसतो. तरीही मॉनिटरवरचा रक्तदाबाचा आकडा खाली येऊ लागतो. कधी कधी त्याच वेळी मानेवर आणि छातीवर लाल चट्टे उठतात. माणसात हे घडते तसेच पशुवैद्यकाकडे आणलेल्या कुत्र्यातही घडते. अशा वेळी भूलतज्ज्ञाच्या मनात जे संशयित येतात, त्यात एक नाव हमखास असते, हिस्टामिन. सर्दी आणि ॲलर्जीच्या गोळ्यांना आपण 'अँटिहिस्टामिन' म्हणतो, त्यातले हिस्टामिन हेच.

या रसायनाचा रक्तवाहिन्यांवर नेमका काय परिणाम होतो आणि भुलीच्या औषधाने तो कसा बदलतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून पहिल्यांदा नीट मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर हेन्री हॅलेट डेल. १९३६चे नोबेल त्यांना दुसऱ्याच कामासाठी मिळाले. हिस्टामिनची कहाणी मात्र त्याआधीपासून सुरू होते आणि तिच्यात एक वादग्रस्त कुत्रा, धान्यावरची बुरशी आणि पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक आहेत.

कोण होते हेन्री डेल?

डेल यांचा जन्म ९ जून १८७५ रोजी लंडनमधील इस्लिंग्टन भागात झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शरीरक्रियाशास्त्र शिकले. तिथे जॉन लँगली हे मज्जासंस्थेवर काम करणारे, कमालीचे काटेकोर संशोधक त्यांना शिक्षक म्हणून लाभले. पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. पण त्यांना ओढ होती ती प्रयोगशाळेची. १९०२ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्नेस्ट स्टार्लिंग आणि विल्यम बेलिस यांच्याकडे दाखल झाले. या जोडीने नुकताच 'सिक्रेटिन' हा संप्रेरकाचा पहिला नमुना शोधून काढला होता. डेल यांची ऑटो लोवी यांच्याशी ओळख झाली तीही इथेच. पुढे ३४ वर्षांनी नोबेल विभागून मिळाले ते याच लोवी यांच्याबरोबर.

तपकिरी कुत्र्याचा खटला काय होता?

२ फेब्रुवारी १९०३ रोजी बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर प्रात्यक्षिक केले. प्रेक्षकांत लिझी लिंड आफ हागेबी आणि लाइसा शार्टाउ या दोन स्वीडिश तरुणी होत्या. कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती, तो धडपडत होता, असा आरोप त्यांनी पुस्तकातून केला. बेलिस यांचे म्हणणे वेगळे होते. कुत्र्याला मॉर्फिनचे इंजेक्शन दिले होते आणि अल्कोहोल, क्लोरोफॉर्म व ईथर यांचे मिश्रण नळीवाटे सतत सुरू होते, असे त्यांनी सांगितले. प्रात्यक्षिक संपल्यावर कुत्रा तरुण डेल यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांनी स्वादुपिंड तपासणीसाठी काढून घेतले आणि कुत्र्याला सुरीने मारले. न्यायालयात त्यांनी तशी साक्षही दिली.

प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्या संघटनेचे स्टीफन कोलरिज यांनी हा आरोप जाहीर सभेत केला. त्यावर बेलिस यांनी बदनामीचा दावा लावला, तो जिंकला आणि त्यांना २००० पौंडांची भरपाई मिळाली. प्रकरण मात्र मिटले नाही. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. पुढच्या वर्षी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरून दंगा केला. १९१० मध्ये पुतळा पोलीस बंदोबस्तात हलवावा लागला.

बेलिस खटला जिंकले असले तरी एक चूक उघड झालीच. त्याच कुत्र्यावर काही आठवड्यांपूर्वी एक शस्त्रक्रिया झाली होती. १८७६च्या कायद्यानुसार तोच प्राणी पुन्हा दुसऱ्या प्रयोगासाठी वापरता येत नव्हता, आणि स्टार्लिंग यांना हे मान्य करावे लागले. या कायद्यात आणखी एक लक्षवेधी कलम होते. क्युरारे या विषाला भुलीचे औषध मानू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. क्युरारेने स्नायू लुळे पडतात. प्राणी हलत नाही, ओरडत नाही, पण शुद्धीत असतो. क्युरारे आणि मॉर्फिन ही दोन्ही नावे या कहाणीत पुन्हा येणार आहेत.

क्लोरोफॉर्म आणि हृदयाचा वाद काय होता?

भूल आणि हृदय हा विषय त्या काळी किती तापलेला होता, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता काही मिनिटांत दगावली. क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतो की आधी हृदय, यावर पुढे अर्धशतक भांडण चालले.

या भांडणाचा एक अंक आपल्या शेजारी रंगला. हैदराबादमधील ब्रिटिश शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. मराठवाडा तेव्हा याच निजामाच्या राज्यात होता. शेकडो प्राण्यांवर, मुख्यतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामवंत औषधशास्त्रज्ञ आले. निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, त्यामुळे नाडीकडे नव्हे तर श्वासाकडे लक्ष द्या. हा निष्कर्ष अपुरा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनॅलिन वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि मृत्यू क्षणात येतो. हजारो पानांच्या वादाचा निकाल लागायला एक योग्य प्रयोग पुरेसा ठरला.

धान्यावरच्या बुरशीतून हिस्टामिन कसे मिळाले?

१९०४ मध्ये २९ वर्षांच्या डेल यांनी औषध उद्योजक हेन्री वेलकम यांच्या संशोधन प्रयोगशाळेत नोकरी धरली. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले होते आणि पगार बरा होता. औषध कंपनीत गेलेला शास्त्रज्ञ म्हणजे वाया गेलेला शास्त्रज्ञ, असे तेव्हाचे मत होते. डेल यांनी ते खोटे ठरवले. कंपनीच्या व्यवहारी अडचणींपुढे न झुकता त्यांनी आपल्या शोधनिबंधात 'ॲड्रेनॅलिन' हा शब्दच वापरायचा, असा हट्ट धरला. हा शब्द एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या व्यापारचिन्हाशी मिळताजुळता होता. अखेर वेलकम यांनाच माघार घ्यावी लागली.

वेलकम यांनी त्यांना सुचवलेला विषय होता अरगट. आपल्याकडे बाजरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव नवे नाही, कणसावर येणारा बुरशीचा रोग म्हणून ते ठाऊक आहे. युरोपात याच कुळातली बुरशी राय या धान्यावर येते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी दाई आणि डॉक्टर तिचा अर्क वापरत. पण त्यात नेमके कोणते द्रव्य काम करते, हे कोणालाच माहीत नव्हते.

पहिला शोध अपघाताने लागला. अरगटचा अर्क दिलेल्या एका मांजरावर डेल यांनी दिवसाच्या शेवटी कारखान्यातून आलेला ॲड्रेनॅलिनयुक्त अर्काचा नमुना तपासला. रक्तदाब वाढायला हवा होता, तो उतरला. नमुना खराब आहे असे समजून त्यांनी तो नाकारला. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी पुन्हा तेच घडले, तेव्हा ट्यूब पेटली. नमुना चांगला होता. आधी दिलेल्या अरगटने ॲड्रेनॅलिनची रक्तदाब वाढवणारी बाजूच रोखून धरली होती. औषधशास्त्राच्या पुस्तकांत हा परिणाम आजही डेल यांच्या नावाने शिकवला जातो.

पुढे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज बार्जर यांच्यासोबत काम करताना अरगटच्या अर्कात आणखी एक द्रव्य सापडले. ते म्हणजे हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून बनणारे हिस्टामिन. जर्मनीत विंडाउस आणि फोग्ट यांनी १९०७ मध्येच ते प्रयोगशाळेत तयार केले होते, पण त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे त्यांच्या गावीही नव्हते.

मांजर, ससा, गिनीपिग : प्रत्येकाचे उत्तर वेगळे

१९१० मध्ये डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिनवरचा सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. आज वाचताना लक्षात येते की त्याचा खरा कणा म्हणजे प्राण्याप्राण्यांतला फरक. मांजराला किंवा कुत्र्याला शिरेतून हिस्टामिन दिले की रक्तदाब वेगाने घसरतो. सशात तो उलट वाढू शकतो. गिनीपिगमध्ये रक्तदाबाचा प्रश्न येण्याआधीच श्वासनलिका आवळल्या जातात आणि प्राणी गुदमरून मरतो. उंदीर मात्र बरेच हिस्टामिन पचवतो.

यातले गिनीपिगचे मरण दोघांना ओळखीचे वाटले. परके प्रथिन दुसऱ्यांदा टोचल्यावर येणारा तीव्र ॲलर्जीचा झटका, ज्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, तो अगदी असाच दिसतो. पण दिसते सारखे म्हणून कारणही एकच, असे म्हणायला डेल तयार नव्हते. त्यासाठी हिस्टामिन हे शरीरातच असते, हे आधी सिद्ध व्हायला हवे होते. बुरशीत सापडले, कुजलेल्या मांसात सापडले, एवढ्याने भागणार नव्हते.

हा पुरावा यायला १७ वर्षे लागली. १९२७ मध्ये डेल, चार्ल्स बेस्ट आणि सहकाऱ्यांनी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून हिस्टामिन वेगळे काढले. बेस्ट म्हणजे इन्सुलिनच्या शोधातले बेस्ट. १९३२ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवर आणि जर्मनीत गिनीपिगच्या फुप्फुसांवर झालेल्या प्रयोगांतून झटक्याच्या वेळी हिस्टामिन खरोखर बाहेर पडते, हेही दिसले.

पंप चालू, पण पाणी गेले कुठे?

१९१४ मध्ये डेल सरकारी वैद्यकीय संशोधन समितीकडे आले आणि महायुद्ध सुरू झाले. आघाडीवरच्या डॉक्टरांना एक कोडे छळत होते. जखम झालेला सैनिक काही तासांनी थंड, पांढराफटक पडतो, नाडी क्षीण होते आणि शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल दिली की मरतो. अनेकदा वाहिलेले रक्त इतके नसे की त्यानेच मृत्यू व्हावा. याला 'शॉक' म्हणत. त्यासाठी नेमलेल्या समितीत बेलिस आणि डेल दोघेही होते.

डेल आणि लेडलॉ यांनी मांजरांना भूल देऊन मोठ्या मात्रेत हिस्टामिन दिले. हुबेहूब शॉक तयार झाला. हृदय धडधडत होते. मोठ्या धमन्या सैल पडलेल्या नव्हत्या. मग दाब का नाही? पाण्याच्या पंपाचे उदाहरण घेतले तर पंप ठीक, मुख्य पाइपही ठीक, पण शेवटच्या बारीक नळ्या फुगल्या आहेत आणि त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपते आहे. परत टाकीत येणारे पाणीच कमी झाल्यावर पंप ढकलणार काय? रक्तातला द्रव ऊतींमध्ये गेला होता, मागे राहिलेले रक्त दाट झाले होते. केशवाहिन्या नुसत्या निष्क्रिय नळ्या नाहीत, हे या १९१९च्या निबंधाने ठामपणे पुढे आणले.

पण आपल्या विषयासाठी सर्वांत मोलाचे निरीक्षण पुढच्या वर्षी आले. शुद्धीत असलेले मांजर हिस्टामिनची जी मात्रा सोसून सावरत होते, तिच्या कितीतरी कमी मात्रेने ईथरची भूल दिलेले मांजर मरत होते. म्हणजे हिस्टामिनचा घाव आणि ईथरचा घाव यांची नुसती बेरीज होत नव्हती. ईथरने शरीराची सावरण्याची क्षमताच काढून घेतली होती. रक्तस्राव झालेल्या प्राण्यातही तेच दिसले. नायट्रस ऑक्साइडची भूल दिलेल्या मांजरांमध्ये मात्र ही अतिसंवेदनशीलता दिसली नाही.

हा निव्वळ प्रयोगशाळेतला मुद्दा नव्हता. आघाडीवर भूल देणारे जेफ्री मार्शल यांनी जखमींच्या नोंदींवरून आधीच सांगितले होते की शॉकमधल्या सैनिकाला ईथर किंवा क्लोरोफॉर्मपेक्षा नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन मानवतो. तंबूतला अनुभव आणि मांजरावरचा प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवत होते. भुलीचे औषध निवडताना फक्त ते झोपवते किती एवढे पाहून चालत नाही, रुग्णाच्या रक्ताभिसरणात शिल्लक किती आहे तेही पाहावे लागते, हे यातून पक्के झाले.

डेल यांचा सिद्धांत कुठे चुकला?

प्रयोग बिनचूक असले तरी त्यावर उभारलेला मोठा निष्कर्ष टिकला नाही. चिरडलेल्या स्नायूंतून हिस्टामिनसारखे विष रक्तात येते आणि त्यामुळे जखमींना शॉक येतो, असे समितीला वाटत होते. १९३० मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की जखमी भागात साठणारे रक्त आणि द्रव नीट मोजले, तर शॉकचा हिशेब विषाशिवायच लागतो. शॉकवर रक्त आणि द्रव भराभर देण्याची आजची पद्धत या दुसऱ्या विचारातून आली. डेल यांची बाजू घ्यायची तर एवढेच म्हणता येईल, की ॲलर्जीच्या शॉकबाबत त्यांचे चित्र बरोबर ठरले.

नोबेल कशासाठी?

१९२८ मध्ये डेल लंडनच्या हॅम्पस्टेडमधील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले. पुढच्या वर्षी त्यांनी आणि हॅरल्ड डडली यांनी बैल व घोड्याच्या प्लीहेतून ॲसिटिलकोलिन वेगळे काढले. १९३३ मध्ये ज्यू असल्यामुळे बर्लिनमधून काढून टाकलेले विल्हेल्म फेल्डबर्ग त्यांच्याकडे आश्रयाला आले. ॲसिटिलकोलिनची अत्यल्प मात्रा जळवेच्या स्नायूवर मोजण्याची युक्ती ते घेऊन आले होते. मज्जातंतू स्नायूला संदेश देतो तो या रसायनामार्फत, हे या गटाने १९३६ मध्ये दाखवले. क्युरारे रसायन बाहेर पडणे थांबवत नाही, स्नायूला ते ओळखू देत नाही, हेही कळले. त्याच वर्षी नोबेल मिळाले.

सहा वर्षांनी, जानेवारी १९४२ मध्ये, माँट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी क्युरारे वापरले. खोल भूल न देताही पोट उघडता येऊ लागले. पण क्युरारेबरोबर रक्तदाबही घसरे. त्याचे एक कारण आधीच छापून आलेले होते. कैरोत ग्लेब ॲन्रेप आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये कुत्र्यांवर दाखवले होते की क्युरारे स्नायूंतून हिस्टामिन सोडवते. आणि मॉर्फिन? फेल्डबर्ग आणि विल्यम पेटन यांनी १९५१ मध्ये मांजरावर सिद्ध केले की मॉर्फिनसारखी अफूजन्य द्रव्येही त्वचेतून आणि स्नायूंतून हिस्टामिन बाहेर काढतात. यासाठी ॲलर्जी असण्याची गरज नसते, औषध थेट पेशीवरच काम करते. हे हिस्टामिन ज्या मास्ट पेशींत साठलेले असते, त्या रायली आणि वेस्ट यांनी १९५३च्या सुमारास निश्चित केल्या.

१९०३च्या त्या कुत्र्याला मॉर्फिनच दिले होते. म्हणजे बेलिस जो रक्तदाब विद्यार्थ्यांना दाखवत होते, त्यावर भुलीची सावली असू शकते, हे त्या सभागृहात कोणाच्याही डोक्यात आले नसणार.

प्रयोगशाळेबाहेरचे डेल

१९४० ते १९४५ या युद्धकाळात डेल रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. मुंबईत जन्मलेले होमी भाभा १९४१ मध्ये सोसायटीचे फेलो झाले ते याच काळात. १९४५ मध्ये सोसायटीने प्रथमच स्त्रियांना फेलो म्हणून निवडले, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन. लायसेन्कोच्या नावाखाली सोव्हिएत संघात आनुवंशिकीची गळचेपी झाली, तेव्हा १९४८ मध्ये डेल यांनी तिथल्या विज्ञान अकादमीचे मानद सदस्यत्व परत केले. १९३८ ते १९६० ते वेलकम ट्रस्टचे प्रमुख होते. त्यांचे जावई अलेक्झांडर टॉड यांनाही पुढे नोबेल मिळाले. लेडलॉ यांचा रस्ता वेगळा झाला, पण प्राण्यांपासून तो दूर गेला नाही. कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावरची लस ज्या संशोधनातून आली, त्यात ते आघाडीवर होते.

डेल २३ जुलै १९६८ रोजी केंब्रिजमध्ये वारले. वय ९३.

आज याचा उपयोग कुठे दिसतो?

भूलतज्ज्ञ आज औषधांची विभागणी हिस्टामिन सोडवणारी आणि न सोडवणारी अशीही करतात. मॉर्फिन सोडवते, फेंटॅनिल जवळपास नाही. स्नायू सैल करणाऱ्यांत ॲट्राक्युरियम आणि मिव्हाक्युरियम सोडवतात, व्हेक्युरोनियम सहसा नाही. म्हणूनच सोडवणारी औषधे शिरेतून हळूहळू दिली जातात, एकदम ढकलली जात नाहीत.

पशुवैद्यकात तर डेल यांनी दाखवलेला प्राण्याप्राण्यांतला फरक रोजच्या कामाचा आहे. अल्फॅक्सॅलोन हे भुलीचे औषध पूर्वी क्रेमोफोर नावाच्या तेलकट द्रावकात मिसळून मिळे. मांजरांना ते देत, कधी पंजे आणि कान सुजत, पण बहुधा निभावून जाई. कुत्र्यांना मात्र ते वर्ज्य होते, कारण क्रेमोफोरमुळे कुत्र्याच्या शरीरात हिस्टामिनचा लोंढा सुटतो आणि रक्तदाब कोसळतो. दोष औषधाचा नव्हताच, द्रावकाचा होता. पुढे क्रेमोफोर काढून सायक्लोडेक्स्ट्रिन हे वेगळे द्रव्य वापरले गेले आणि तेच अल्फॅक्सॅलोन कुत्र्यांनाही देता येऊ लागले. पेथिडिन हे वेदनाशामक कुत्र्याला शिरेतून न देता स्नायूत देतात, त्यामागेही हेच कारण आहे.